छज्ज्याखालचं पोळं

"झोपाळ्याला काहीतरी कुरतडतंय," असं नाना ऑगस्टपासून म्हणत होते. नाना म्हणजे माझे सासरे, वय ७६. म्हसरूळच्या आमच्या घराच्या ओट्यावर सागवानी झोपाळा आहे. जुन्या नाशकातला वाडा पाडला तेव्हा तिथून आणलेला. सकाळचा चहा आणि पेपर नानांचा त्याच्यावरच होतो. मला वाटलं, वाळवी असेल. पाटाखाली वाकून पाहिलं, तर ना भुगा ना मातीच्या रेघा.

मग एका दुपारी तिथं बसले असताना मलाही तो आवाज आला. अगदी बारीक, नखानं पुठ्ठा खरवडावा तसा. पाटाच्या कडेवर एक पिवळी, लांब पायांची माशी डोकं खाली घालून मागे मागे सरकत होती आणि लाकूड खरडत होती. पावसापाण्यानं करड्या पडलेल्या त्या कडेवर तिच्यामागे बोटाच्या पेराएवढी ताजी, पिवळट रेघ उमटली. जवळून पाहिलं तर अशा रेघा सगळ्या कडेभर होत्या. तोंडाशी ओल्या लगद्याची गोळी धरून ती उडाली आणि सरळ वर गेली. मीही मान वर केली. छज्ज्याच्या कोपऱ्यात, झोपाळ्याच्या कडीपासून हातभर अंतरावर, बशीएवढं पोळं उलटं लटकत होतं. गांधीलमाश्यांचं.

तेव्हा काहीच केलं नाही. माझी लेक तेव्हा बारावीत होती, जीवशास्त्र तिच्या आवडीचं. तिनं त्या दिवसापासून त्या पोळ्याची बाजू घेतली. या माश्या फुलझाडांवरच्या अळ्या पकडतात, चावून मऊ करतात आणि पोळ्यातल्या पिल्लांना भरवतात, म्हणून आपल्या गुलाबावर यंदा अळी नाही, असं तिचं म्हणणं. ते खरंही होतं. गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं, ओट्यावर चपलांचा ढीग असायचा, पण कुणाला एकही माशी चावली नाही. पोळं मात्र बशीचं ताटलीएवढं झालं. पावसाळा सरता सरता ही पोळी सगळ्यात मोठी होतात, हे मला नंतर कळलं.

८ ऑक्टोबर २०२३, रविवार. पुढच्या रविवारी घटस्थापना होती, म्हणून घरात जळमटं काढायचं काम चाललेलं. मी स्वयंपाकघरातले डबे घासत होते. नानांनी काठीला केरसुणी बांधली आणि ओट्यावरच्या छज्ज्याची जाळी काढायला घेतली. पोळं त्यांना माहीत होतं, त्या कोपऱ्यात ते जाणारही नव्हते. पण वर बघून हात चालवताना केरसुणीचं टोक निसटलं आणि पोळ्याला लागलं.

त्यांचा आवाज ऐकून मी धावले, तोवर ते काठी टाकून दारात आले होते. कानावर एक, मानेवर एक, डाव्या हातावर दोन, अशा चार नांग्या. एक माशी त्यांच्या बाहीवर होती, ती मी चपलेनं चिरडली. ती चूक होती. चिरडलेल्या गांधीलमाशीच्या विषाचा वास बाकीच्यांना चेतवतो. दार लावेपर्यंत आणखी दोन आत आल्या.

सासूबाई चुना घेऊन आल्या, शेजारच्या वहिनी म्हणाल्या लोखंड घासा. मी नांगी शोधत बसले. पण गांधीलमाशी मधमाशीसारखी नांगी आत सोडून जात नाही. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती रुतून बसते. गांधीलमाशीची नांगी जवळजवळ गुळगुळीत, म्हणूनच तीच माशी पुन्हा पुन्हा चावू शकते. या शोधण्यात चार-पाच मिनिटं गेली. एक काम मात्र वेळेवर झालं. लेकीनं नानांच्या डाव्या हातातली अंगठी साबण लावून काढून घेतली. दहा मिनिटांनी ते बोट असं सुजलं होतं की अंगठी कापावीच लागली असती.

माझी आजी म्हणायची, जिच्यामुळे अंगावर गांधी उठतात ती गांधीलमाशी. तेव्हा ते नुसतं ऐकलं होतं. त्या दिवशी नानांच्या पोटावर, पाठीवर, जिथं माशीचा स्पर्शही झाला नव्हता तिथं लाल गांधी उठायला लागल्या. मग ते म्हणाले, "जीभ जड वाटते गं." ओठ सुजत होते. नवऱ्यानं गाडी काढली, दिंडोरी रोडनं पंचवटीतल्या एका रुग्णालयात आम्ही वीस मिनिटांत पोहोचलो. डॉक्टरांनी बघताक्षणी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, नंतर सलाईन लावलं. बरं वाटायला लागल्यावर नाना घरी जायचं म्हणायला लागले, पण त्यांनी सोडलं नाही. अशी अ‍ॅलर्जी काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

निघताना डॉक्टर जे बोलले ते मी इथं लिहिते, कारण ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. चावलेल्या जागी सूज आणि आग ही नेहमीची गोष्ट. धुवा, बर्फ लावा, एक-दोन दिवसांत उतरते. पण चावलेली जागा सोडून इतरत्र गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, दम लागणं, गरगरणं, उलटी होणं, यांतलं काहीही दिसलं तर घरी बसायचं नाही, चुना-कांदा करत वेळ घालवायचा नाही. "आणि पुढच्या वेळी याहून जोरात येऊ शकतं," असं ते नानांच्या देखत म्हणाले.

त्यामुळे पोळं काढायचं हे ठरलंच. लेकही काही बोलली नाही.

कसं काढायचं यावर मात्र गल्लीतल्या प्रत्येकाचं मत होतं. सगळ्यात जास्त सल्ला टेंभ्याचा. रॉकेलात बोळा बुडवा, काठीला बांधा, पेटवा, मिनिटाचं काम. गावाकडं तसंच करतात, मीही लहानपणी पाहिलंय. पण इथं छज्ज्याखालून दिव्याच्या वायरची प्लास्टिकची पट्टी गेलेली, खाली पन्नास-साठ वर्षांचं सागवान. शिवाय पेटत्या माश्या खाली पडतात त्या कुठं पडतील ते कुणाच्या हातात नसतं. दुसरा सल्ला पाण्याच्या पाइपनं जोरात फवारा मारायचा. त्यानं पोळं पडलं असतं, पण माश्या जिवंत राहिल्या असत्या, आणि चिडलेल्या.

आम्ही फोन करून एका पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. सोमवारी दुपारी साडेबाराला एक मुलगा आला. अंगात टी-शर्ट, तोंडाला रुमाल. खालूनच, दहा-बारा फुटांवरून, त्यानं पंप मारला. दहा-पंधरा माश्या टपाटप पडल्या, बाकीच्या उडाल्या, तो पळत फाटकाबाहेर गेला. बाराशे रुपये घेतले आणि म्हणाला, "पोळं राहू द्या, औषध लागलंय, आपोआप वाळून पडेल." भर दुपारी बऱ्याच माश्या बाहेर चरायला गेलेल्या असतात. त्यांना यातलं काहीच लागलं नव्हतं. संध्याकाळी पाचनंतर त्या एकेक करून परतल्या. आधी पोळ्यावर बसेनात, शेजारी भिंतीवर गोळा होऊन राहिल्या. बुधवारपर्यंत पुन्हा पोळ्यावर होत्या, आणि आता कुणी नुसतं फाटक वाजवलं तरी सगळ्या पंख उभारून तयार. त्या मुलाचा मला राग आला. त्याच्या अंगावर जाळीची टोपीसुद्धा न देता त्याला पाठवणाऱ्यांचा जास्त आला. फोन केला तर पुन्हा येण्याचे वेगळे पैसे सांगितले.

तीन दिवस आम्ही मागच्या दारानं ये-जा केली. नाना खोलीच्या खिडकीत बसून झोपाळ्याकडे बघत असायचे.

नणंदेचं सासर दिंडोरीकडे, त्यांचा द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. बागेत छाटणीला माणसं शिरली की वेलींच्या दाटीत गांधीलमाश्यांची पोळी हमखास सापडतात, म्हणून त्यांना माणूस माहीत होता. आडगावचे एक काका, साठीच्या आसपासचे. गुरुवारी सकाळी ते आले ते रिकाम्या हातानं. फाटकाजवळ खुर्ची मागितली आणि वीसेक मिनिटं नुसते बसून राहिले. कुठून येतात, कुठं जातात, एका मिनिटात किती, हे बघत होते. मग प्रश्न सुरू. घरात दम्याचं कुणी आहे का? माशांची टाकी आहे का? वरच्या मजल्याची कोणती खिडकी या बाजूला उघडते? तुळस इथंच असते का?

"हे मोहोळ नाही, बरं का ताई," ते म्हणाले. "मधमाश्या असत्या तर मी औषध मारलं नसतं. त्यांना जिवंत उचलून नेणारी माणसं असतात, त्यांना बोलवायचं. आणि भिंतीच्या भोकात शिरणाऱ्या मोठ्या तांबड्या गांधीलमाश्या असत्या तर गोष्ट वेगळी. लोक ते भोक सिमेंटनं बुजवतात, मग त्या घराच्या आत वाट काढतात. ही उघड्यावरची आहे, समोर दिसतेय, सोपी आहे. तुम्ही दुपारी औषध मारून घेतलं, तिथं चुकलं. रात्री करू."

दिवसा त्यांनी आमच्याकडून तयारी करून घेतली. तुळशीवृंदावनाची कुंडी मागच्या अंगणात नेली, कारण तिची पानं आम्ही रोज तोंडात टाकतो. शेजाऱ्यांकडे माशांची काचेची टाकी आहे. काका वापरणार होते ते कीटकनाशक डेल्टामेथ्रिन, माशांना ते फार विषारी. म्हणून शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद आणि टाकीवर ओला टॉवेल. पक्ष्यांच्या पाण्याची परळं उचलली. झोपाळा कड्यांवरून काढून आत आणला, तीन माणसं लागली. नानांना सासूबाईंबरोबर रात्रीपुरतं नणंदेकडे पाठवलं. यावर काकांनी जोर दिला होता. ज्याला एकदा असं झालंय तो माणूस घराच्या आतही नको.

रात्री साडेआठला ते आले. जाड जीन्स, मोजे पँटवरून ओढलेले, अंगात रेनकोट, डोक्यावर टोपी आणि तिच्यावरून मच्छरदाणीच्या कापडाची जाळी गळ्याशी घट्ट बांधलेली, हातात रबरी मोजे. मनगटाशी, गळ्याशी, घोट्याशी फट राहिली नाही ना, हे त्यांनी माझ्या नवऱ्याला दोनदा बघायला लावलं. शिडी आणली होती ती नको म्हणाले. शिडीवर माणूस असताना एक चावली तरी हात सुटतो, आणि मग माशीपेक्षा पडण्यानंच जास्त मोडतं. बागेत फवारायच्या पंपाला त्यांनी लांब नळी लावली होती, जमिनीवरूनच पोहोचणार होती.

ओट्यावरचा, फाटकावरचा, समोरच्यांचा, सगळे दिवे बंद. त्यांच्या टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडनं लावलेला. लाल उजेड या माश्यांना जवळजवळ दिसत नाही, पांढऱ्यावर मात्र त्या थेट धावतात. आम्ही तिघं आतल्या खिडकीच्या काचेमागे उभे होतो. त्या लाल उजेडात पोळं मी पहिल्यांदा नीट पाहिलं. जवळजवळ सगळ्या परतलेल्या होत्या. एकीला एक खेटून, डोकी खाली करून, पोळ्याच्या मागच्या बाजूलाही. एखाद-दुसरीची मिशी हलायची, बाकी काही नाही. लेकीनं माझा हात धरला होता.

काकांनी नळीचं तोंड पोळ्याच्या देठाशी नेलं, बाजूनं, खालून नाही. मग एकदम पंप उघडला. सात-आठ सेकंद. भाजलेले शेंगदाणे फरशीवर सांडावेत तसा आवाज झाला. दोन-तीन उडाल्या, अंधारात भिंतीवर आपटून खाली पडल्या. काका हलले नाहीत. पुन्हा चार-पाच सेकंद, या वेळी भिंतीचा कोपरा. मग ते मागे सरकले, फाटकाबाहेर गेले आणि पंचवीस मिनिटं तिकडेच थांबले. परत येऊन त्यांनी जाड प्लास्टिकची पिशवी काठीच्या कडीला अडकवून पोळ्याखालून वर चढवली आणि लांब पट्टीनं देठ खरवडून तोडला. पोळं पिशवीत पडलं, तोंड बांधलं. फरशीवरच्या माश्या सुपलीत भरताना ते म्हणाले, "मेलेलीला पण हात लावू नका. नांगी मेल्यावरही चावते." फरशी साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतली, आमच्याकडून आठशे रुपये घेतले आणि गेले.

सकाळी त्यांनी सांगितलेलं शेवटचं काम केलं. देठाचा जो काळा, चकचकीत ठिपका भिंतीला चिकटून राहतो तो खरवडून काढायचा, जागा साबणानं घासायची आणि चुना मारायचा. रात्री बाहेर राहिलेल्या तीन माश्या त्या दिवशी आल्या, जागा हुंगत फिरल्या आणि दुपारनंतर दिसल्या नाहीत. आठवडाभर रोज बघा, नवीन पाच-सहा घरं दिसली तर ती संध्याकाळी साबणाच्या पाण्याच्या फवाऱ्यानंच जातात, असंही ते म्हणाले होते. या किड्यांच्या अंगाला बाजूंनी बारीक छिद्रं असतात, त्यांतून ते श्वास घेतात, साबणाचं पाणी ती बंद करतं. पण तशी वेळ आली नाही.

पिशवी दोन दिवस उन्हात ठेवली. मग लेकीनं हातमोजे घालून पोळं पेपरवर काढलं. इतकी हलकी वस्तू मी क्वचित हातात घेतली असेल. भाजलेल्या पापडाएवढं वजन. मागची बाजू करड्या कागदाची, आणि त्यात गडद-फिकट वलयं. एक वलय पिवळट होतं, आणि ते आमच्या झोपाळ्याचं असणार असं मला आजही वाटतं. तिनं घरं मोजली, २१३. सगळी षट्कोनी. चाळीसेक घरांना वरून पांढऱ्या रेशमाचं घुमटासारखं झाकण होतं. त्यांतलं एक तिनं चिमट्यानं उघडलं. आत पूर्ण तयार माशी होती, पाय छातीशी घेतलेली, रंग अजून न भरलेली. बाकीच्यांतल्या काही घरांच्या तळाशी एका बाजूला चिकटवलेली अंडी, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. ती देठाबद्दलही वाचून सांगत होती. इतकं मोठं पोळं एवढ्याशा देठावर का, तर मुंग्यांना वर चढायला ती एकच वाट राहते, आणि त्या वाटेवर माश्या आपल्या अंगातला एक द्रव फासतात, मुंगी तो ओलांडत नाही. सांगता सांगता तिला रडू आलं. मी तिला समजावलं नाही. मलाही वाईट वाटत होतं आणि आपण केलं ते बरोबर होतं हेही मला माहीत होतं.

दसऱ्याला झोपाळा परत टांगला. नानांनी त्याला झेंडू बांधला.

गेल्या जूनमध्ये मागच्या कंपाउंडच्या भिंतीत, पाण्याच्या जुन्या मीटरच्या पेटीत, पुन्हा पोळं दिसलं. या माश्या लहान, तांबूस. पेटीचं झाकण कधीचंच गेलंय आणि तिकडे कुणाचा वावर नाही. काकांना फोटो पाठवला, ते म्हणाले, "वाटेवर नसेल तर राहू द्या." लेकीनं शोधून काढलं की ही बहुतेक रोपालिडिया मार्जिनाटा, जिच्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं काम केलं. हिची राणी म्हणे अगदी शांत असते, कुणावर अंगावर जात नाही. राणी गेली की कामकऱ्यांतलीच एक अचानक आक्रमक होते आणि आठवड्याभरात राणी होऊन अंडी घालायला लागते, मग तीही शांत. नानांना हे फार आवडलं. ते मागच्या खोलीच्या जाळीच्या खिडकीतून रोज बघायला लागले. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन आता देवघराशेजारच्या कपाटात असतं आणि ते कसं द्यायचं ते घरात चौघांनाही येतं. त्याशिवाय ते पोळं मी ठेवलं नसतं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी नानांनी सगळ्यांना हाक मारली. एक मोठी काळी गांधील पेटीत शिरली होती, पोटावर रुंद पिवळा पट्टा, लहान माश्यांच्या दुप्पट. लहान माश्या लढल्या नाहीत. पोळं सोडून पेटीच्या कडेला, भिंतीवर जाऊन बसल्या आणि बघत राहिल्या. ती एकेका घरात डोकं घालून अळी बाहेर ओढायची, चावून गोळी करायची, उडायची, पंधरा-वीस मिनिटांनी परत यायची. संध्याकाळपर्यंत असं चाललं. नाना मधे एकदा चहालाही उठले नाहीत.

अंधार पडताना त्या लहान माश्या रिकाम्या पोळ्यावर परत आल्या. आठ दिवसांनी पेटीच्या वरच्या कोपऱ्यात नवीन देठ होता, त्याला चार घरं. नाना म्हणाले, "या वेळी आत घेतलंय त्यांनी, तिला तिथं वळता येणार नाही." ते खिडकीची जाळी नीट बसली आहे ना हे बोटानं चाचपून बघत होते.